आलं का?

"शेवटच्या घरापर्यंत पुरेशा दाबाने पाणी पोचते, असं लिहिलंय इथे." पाणीपुरवठ्याच्या योगिता मॅडमनी पाहणीच्या कागदावर बोट ठेवलं. "म्हणून टेकाडावरच्या गल्लीला नवी लाइन धरलेली नाही. जिथं कमी पडतंय, तिथंच पाईप."

नगरपालिकेच्या हॉलमध्ये नव्या पाणीयोजनेचा नकाशा लावला होता. हरकती घ्यायचा आज शेवटचा दिवस. नकाशापुढे साखराबाई पदर खोचून उभी होती, आणि दाराशी मैनुद्दीन व्हॉल्व्हमन, स्वतःच्या चपलांकडे बघत.

"कुनी लिवलं आसंल ह्ये?" साखराबाई वळली. "चाचा, तुमीच सांगा ह्यायला. तुमाला म्हाईत हाय समदं. कुन्या भायेरच्या मानसाचं काम हाय ह्ये. चाचा आसते तर आसं लिवलं नसतं."

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मैनुद्दीनला झालं. कागदावरचं अक्षर त्याचंच होतं.

दर दहा दिवसांनी गल्लीची पाण्याची पाळी यायची. तो खाली गिरणीपाशी व्हॉल्व्ह उघडायचा आणि वर तोंड करून हाळी द्यायचा, "आलं का?" शेवटचं घर साखराबाईचं. वरून उत्तर यायचं, "आलं, चाचा." बावीस वर्षं हेच. बाई भली. उन्हात उभ्या माणसाला आणखी कशाला पिडायचं, म्हणून करंगळीएवढी धार लागली तरी ती 'आलं' म्हणायची. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. वरच्या घरांत एक घागर भरायला अर्धा तास लागतो, हे साऱ्या गावाला माहीत होतं. पण चढून जाऊन नळ बघायच्या फंदात तो कधी पडला नाही.

नव्या योजनेसाठी घरोघर पाहणी करायचे कागद हाती आले तेव्हा रिटायर व्हायला चार महिने राहिले होते. आपण सोडलेलं पाणी पोचत नाही, हे आपल्याच हाताने कसं लिहायचं? गिरणीच्या ओट्यावर बसून त्याने सगळ्या घरांपुढे 'पोचते' लिहून टाकलं. घरी जाऊन बायकोला, गौसियाला, ऐटीत सांगितलंही, माझ्या भागात एक तक्रार नाही.

"मॅडम," तो म्हणाला. "त्ये मीच लिवलंय. झूट लिवलंय. पानी पोचत न्हाई."

"घरोघरी जाऊन बघितलं नव्हतं?"

"न्हाई. वर गेलतोच न्हाई."

मॅडमनी त्याच्याकडून तसं लिहून घेतलं, सही घेतली. फेरपाहणीला पाठवते म्हणाल्या, पण दिवस थोडे आहेत, होईलच असं नाही. साखराबाईने चारचौघांत वाभाडे काढले असते तर त्याला हलकं वाटलं असतं. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्याच्या शेजारून निघून गेली.

पाचव्या दिवशी पाळी आली. त्याने व्हॉल्व्ह उघडला, सवयीने तोंड वर केलं आणि हाळी द्यायची लाज वाटली. तरी दिली.

"आलं का?"

मग वरून आवाज आला, "न्हाई."

पुढे 'चाचा' नव्हतं.

मैनुद्दीनने व्हॉल्व्हची लांब चावी खांद्यावर घेतली आणि धापा टाकत टेकाड चढला. दारं सगळी बंद, एकसारखी. साखराबाईचं घर कोणतं, हे त्याला वाटेतल्या एका बाईला विचारावं लागलं.