शेवटच्या सामन्यापर्यंतचे केस

तुमच्या आजाचे, ग्विलिमचे, केस एवढे दाट की एकदा चिमणीनं त्यात दोन अंडी घातली. हसू नका रे! त्यातलं एक पिल्लू मी या हातांनी उडवलंय.

तर आमच्या या पेनसिल्व्हेनियातल्या खाणीच्या गावात पैसे घेऊन फुटबॉल खेळणारा पहिला गडी तोच. तेव्हा डोक्याला काही बांधत नसत. गडी जूनपासून केस वाढवायचे, तीच गादी. लंबगोल चेंडू पोटाशी धरून, डोकं खाली घालून ग्विलिम घुसला की समोरचे अकराच्या अकरा आडवे. बारावा पंच.

आमच्या लग्नाच्या वर्षी, नोव्हेंबरात, वेल्सहून सासूबाईंचं पत्र आलं. जोडीनं काढलेला फोटो पाठवा म्हणे. मी कात्री काढली.

"बस स्टुलावर. नाहीतर सासूबाईंना वाटेल, मी मेंढ्याशी लग्न लावलंय."

"शेवटच्या सामन्यानंतर काप, मार्गेड. गुरुवारचा एकच उरलाय."

"फोटोवाला उद्या येतोय. मग थेट एप्रिलात."

"एप्रिलात काढू की."

"अस्सं! म्हणजे जोर अंगात नाहीच, सगळा केसांत. थांब, पाण्याच्या पंपावर बायकांना सांगते!"

तो हसला आणि बसला. माझी मेली जीभ, दुसरं काय.

फोटो झकास आला. गुरुवारी पहिल्याच धडकेत कुणाचा तरी गुडघा त्याच्या डोक्यावर बसला. दार उखडून त्यावर निजवून त्याला घरी आणलं. तुमची आई तेव्हा माझ्या पोटात होती. चार दिवसांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, तुम्ही कोण?"

पुढं एकोणीस वर्षं जगला. खाण विसरला, चेंडू विसरला, मला विसरला. केस वाढून डोळ्यांवर आले की मी कात्री घेऊन जायची. तो दोन्ही हातांनी डोकं झाकायचा.

"नको बाई. शेवटच्या सामन्यानंतर."

"कधी आहे सामना?"

"गुरुवारी."

मग मी कात्री ठेवून द्यायची. पुन्हा कापलेच नाहीत कधी.

अंगणात खुर्ची टाकून दिली की दिवस दिवस हलायचा नाही. त्या चिमणीला तरी काय कळणार, झाड आहे की माणूस.