उघडा हात

पणजीच्या काळातल्या कादंबऱ्या चित्रांसकट नव्याने छापायचं लंडनमध्ये वेड लागलं होतं. त्यातला एक चित्रकार ऑस्विन लिडगेट. लग्न झाल्यापासून त्याच्या चित्रांतली, उंच कमरेचा मलमलीचा झगा घातलेली प्रत्येक नायिका म्हणजे त्याची बायको हेस्टर. नव्या पुस्तकाला मात्र त्याने तो झगा तिच्या धाकट्या बहिणीला, लेटिसला घालायला दिला आणि हेस्टरपुढे झालरीची टोपी धरली.

"तू मावशी हो. बिनलग्नाची म्हातारी."

"माझ्या पणजीचा झगा आहे तो!"

"असेल. मावतेस का आता त्यात?"

लेटिस फिसकन हसली. "चिडू नकोस गं ताई. टोपी शोभेल तुला."

हेस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी बहिणीच्या हातांवर कोपरापर्यंतचे पांढरे मोजे तिनेच चढवले, बटणं लावली. मावशीचं चित्र उरकलं तशी ती बाजारात गेली.

या मोज्यांवरून ऑस्विनने तिला कमी छळलं नव्हतं. त्या काळी नाचाच्या दालनात परपुरुषाच्या हातात मुलीचा उघडा हात म्हणजे अब्रूचे धिंडवडे, असं तो बजावायचा. एक बटण सुटलं तरी खेकसायचा.

ती परतली तेव्हा लेटिस झगा बदलायला निघाली होती. मोजे हातांवर होते, पण बटणं भलत्याच काजांत अडकली होती.

ऑस्विनने नाचाचं चित्र हेस्टरपुढे टाकलं. छापायला जाण्याआधी प्रत्येक चित्रातल्या चुका तीच काढायची. "बघ लवकर."

नायकाच्या हातात नायिकेचा हात होता, आणि तो उघडा होता. करंगळीजवळचा लेटिसचा भाजल्याचा डागसुद्धा त्याने कौतुकाने काढला होता. हेस्टरला सगळं कळलं. मेल्याला मोज्यांचंही भान राहिलं नव्हतं!

"काही चूक?"

"छे. झकास जमलंय."

पुस्तक आलं आणि छी-थू झाली. या चित्रकाराला नाचघर आणि न्हाणीघर यातला फरक कळतो का, असं एका वर्तमानपत्राने विचारलं. प्रकाशकाने पुढची पुस्तकं दुसऱ्याला दिली.

ऑस्विन वर्तमानपत्र नाचवत घरात आला. लेटिस तिथेच बसली होती.

"आंधळी झाली होतीस? हातात मोजे नाहीत, दिसलं नाही तुला?"

"दिसलं की," पणजीचा झगा आपल्या पेटीत घालत हेस्टर म्हणाली. "चुकलेली बटणंही दिसली."

लेटिसने दोन्ही हात पाठीमागे लपवले.