परवानगी दिलेली व्यक्ती

शिवणकाम करून डोळे अधू झालेल्या बाईंना हॉस्पिटलची फाईल मोबाईलवर बघायला शेजारणीने शिकवलं. शेजारीण हौशी. स्वतःची दुखणी तिला पुरत नसत. तिनेच दाखवलं, की आपली फाईल कोणी कोणी उघडली हेही त्यात दिसतं. डॉक्टर, नर्स, रक्त तपासणारे, इथवर ठीक होतं. पण आणखी कोणीतरी दर तपासणीनंतर फाईल उघडत होतं, तेही कित्येक वर्षांपासून. नाव नाही, नुसतं 'परवानगी दिलेली व्यक्ती'.

आपली साखर, आपला रक्तदाब, पिशवीचं ऑपरेशन, सगळं कोणी परका मिटक्या मारत वाचतोय की काय? शेजारणीने आगीत तेल ओतलं, आता तुमच्या नावावर कोणी औषधंही उचलेल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाई तरातरा हॉस्पिटलात गेल्या. नोंदी सांभाळणाऱ्या कारकुनाने शांतपणे सांगितलं, की फाईल तुमची, ती कोणाला दाखवायची हे तुम्हीच ठरवायचं, आणि दिलेली परवानगी कधीही काढून घेता येते. ही परवानगीसुद्धा तुम्हीच ऑपरेशनच्या वेळी दिली होती. बाई उसळल्या. मी कोणाला देणार, माझं आहे कोण? कारकुनाने पडदा त्यांच्याकडे वळवला. नात्यापुढे लिहिलं होतं, धाकटी बहीण.

बाई बाकावर बसल्या. त्या ऑपरेशननंतर आईच्या आजारपणात कोणी किती केलं यावरून दोघींचं वाजलं होतं आणि 'पुन्हा मला तोंड दाखवू नकोस' हे ताई म्हणून बाईंनीच सुनावलं होतं. धाकटीने ते शब्दशः ऐकलं. फोन नाही की निरोप नाही. दगडाच्या काळजाची आहे, असं म्हणत बाईंनी एकटीने दिवस काढले. आणि ही दगडाच्या काळजाची दर खेपेला ताईची साखर बघून जात होती. बाईंना चारचौघांत रडू फुटलं.

"काकू, परवानगी बंद करू का?" कारकुनाने विचारलं.

"हात लावू नका त्याला," बाई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. इतक्या वर्षांनी बोलायचं काय, आणि तिने मध्येच ठेवून दिला तर? बाईंचा धीर होईना. अशात पुढची तपासणी आली.

काय त्रास होतोय, म्हणून डॉक्टरांनी विचारलं. साखर बरी होती, गुडघेही बरे होते. बाईंनी पदराने तोंड पुसलं.

"लिहा, घरात बोलायला कोणी नाही. धाकटीची फार आठवण येते. आणि चूक ताईची होती, तेही लिहा."

यावर माझ्याकडे औषध नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"औषध नकोच. तुम्ही फक्त फाईलमध्ये लिहा."

डॉक्टरांनी टाईप करायला घेतलं. मग सवयीने पुढचा प्रश्न विचारला.

"हा त्रास कधीपासून आहे?"

"आई गेली तेव्हापासून."