शिट्टी वाजली तरी थांबायचं नाही

मित्रांनो, मी एक गुणफलक आहे. जुना म्हणालात तर राग नाही, भंगार म्हणालात तर मात्र भोंगा वाजवीन. आयर्लंडमधल्या मलिंगार गावच्या एका शाळेच्या हॉलमध्ये, बास्केटबॉलच्या मैदानाच्या वर, भिंतीवर मी टांगलेला असतो. डावीकडे घरच्या टीमचे गुण, उजवीकडे पाहुण्यांचे, आणि मध्ये लाल आकड्यांचं घड्याळ. त्या घड्याळातच माझा जीव आहे. माझा एक तुकडा खाली टेबलावर असतो, बटणांचा डबा. त्यामुळे टेबलापाशी कोण काय बोलतं ते सगळं माझ्या कानावर येतं.

मलिंगारच्या फलकाला मराठी कशी येते, असं विचाराल. अहो, त्या डब्यावर दर शनिवारी शिरीषराव बसायचे. पुण्याचे, सॉफ्टवेअरवाले. मुलगी तन्वी टीममध्ये आली, शाळेने विचारलं की वेळ सांभाळायला कुणी पालक मिळेल का, आणि हे हात वर करून मोकळे झाले. बटण दाबताना तोंडाने अखंड पुटपुट: "थांब... हां, चल आता... अगं, पास दे ना तिला." ऐकून ऐकून शिकलो मी.

माझा जन्म इथल्याच शॅनन गावच्या एका कारखान्यातला. मला इथे टांगलं त्या दिवशी सगळी शाळा माना वर करून बघत होती. तेव्हा माझा थाट काय वर्णावा. आता एक दिवा गेलाय, त्यामुळे माझा आठ सहासारखा दिसतो, आणि मला पुसायचं तर कुणाच्या डोक्यातच येत नाही. असो, रडगाणं नको.

मला एका गोष्टीचा फार तोरा होता, तो सांगतो. स्टाफरूममधलं घड्याळ चालतं, चालतं आणि चालतंच. त्यात काय मोठंसं? मला थांबता येतं. शिट्टी वाजली की मी थांबतो. बॉल बाहेर गेला, थांबलो. फाउल झाला, थांबलो. म्हणून तर माझी दहा मिनिटं तुमच्या वीस मिनिटांएवढी लांबतात. थांबणं हेच माझं कसब, असं मी मानत आलो.

आणि मग आमच्या स्पर्धेत तो नियम आला. सामन्याचे चार भाग असतात. चौथ्या भागात एका टीमकडे तीस गुणांची आघाडी झाली, की घड्याळ पळतं ठेवायचं. शिट्टी वाजो, फाउल होवो, मी थांबायचं नाही. फक्त कुणाला लागलं किंवा एखाद्या प्रशिक्षकाने टाइम-आउट मागितला, तरच थांबायचं. याला म्हणे दयेचा नियम म्हणतात. हरणाऱ्या पोरांचे हाल लवकर संपावेत म्हणून. मला आधी संतापच आला. ज्याचं कसब थांबण्याचं, त्याला म्हणायचं पळ. पण एकदा एक मुलगी पन्नास गुणांनी हरताना बघितली. दर शिट्टीला ती वर माझ्याकडे बघायची, अजून किती उरलंय म्हणून. त्या दिवशी कळलं, पळणंही कुणावर उपकार असतो. तेव्हापासून मी मुकाट्याने पळतो.

तर मागच्या मे महिन्यातला तो शनिवार. हंगामातला शेवटचा सामना, पाहुण्या पोर्टलीशच्या मुली. तन्वीसाठी तर हा या शाळेतला शेवटचाच. तिची आई पूर्णिमा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, आणि जुलैत डॉक्टरांच्या बदल्या होतात. यांना पार पश्चिमेला जायचं होतं. वर्षभरात पूर्णिमाताईंनी लेकीचा एकही सामना पाहिला नव्हता. दर शनिवारी ड्यूटी. तन्वी कधी कुरकुरली नाही, पण त्या दिवशी वॉर्म-अप सोडून टेबलापाशी आली.

"बाबा, इज आई कमिंग?"

"येणार गं. साडेचारला ये म्हटलंय, शेवटचा क्वार्टर अख्खा मिळेल तिला."

"ग्रँड," म्हणजे छान, असं म्हणून ती पळाली. इथे जन्मलेली पोर, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र आयरिश इंग्रजीत.

शिरीषरावांनी साडेचारचा हिशोब माझ्या थांबण्यावर केला होता. सामना चुरशीचा होणार, शिट्ट्या वाजणार, मी थांबत थांबत जाणार. लेकीची टीम तीस गुणांनी मागे पडेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. एवढा इंजिनिअर माणूस, पण गणित बापाचं.

झालं काय, पोर्टलीशच्या मुलींनी आमच्या पोरींना नुसतं धुतलं. आमच्या प्रशिक्षकांनी पडझड सावरायला आपले सगळे टाइम-आउट तिसऱ्या भागातच संपवले. चौथा भाग सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि फरक तीसवर गेला. पंच डोलन यांनी टेबलाकडे बघून हवेत बोट गरगर फिरवलं. म्हणजे, पळू दे.

मी पळायला लागलो. शिरीषरावांचा फोन थरथरला. पूर्णिमाताईंचा मेसेज: पेशंटमुळे अडकले, आत्ता निघतेय. हॉस्पिटल लांब नाही, पण मी आता दर सेकंदाला एक सेकंद खात होतो. शिरीषरावांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

शिट्टी वाजली. बॉल बाहेर. त्यांचा अंगठा माझ्या बटणावर. डोलन पाठमोरे होते. सवयीने दाबलं गेलं म्हटलं असतं, तर कुणी संशयही घेतला नसता. खरं सांगतो मित्रांनो, मीच मनात म्हणत होतो, दाबा हो शिरीषराव, एकदाच दाबा.

त्यांनी अंगठा उचलला. हात मांडीखाली घेतला आणि त्यावर बसून राहिले. "नाही," ते पुटपुटले. "समोरच्या पोरीपण कुणाच्या तरी आहेतच."

तेवढ्यात तन्वी बाजूच्या रेषेपाशी आली. "बाबा?" एवढंच.

"निघालीय गं हॉस्पिटलातून," ते म्हणाले, पण नजर वर उचलेना. तन्वीने माझ्याकडे बघितलं. पोरीला हिशोब कळला. शेजारी तिला अडवायला उभी होती पोर्टलीशची कप्तान, शिवॉन नावाची उंच मुलगी. तिने काय झालं विचारलं, आणि तन्वीने इंग्रजीत सांगून टाकलं: माझी आई येतेय, पण तोवर संपलेलं असेल.

शिवॉन पळता पळता आपल्या प्रशिक्षिकेजवळून गेली, ओर्ला तिचं नाव, आणि तिच्या कानाशी काहीतरी सांगून पुढे गेली. पुढची शिट्टी वाजली तशी ओर्ला उठली आणि दोन्ही हातांनी टाइम-आउटची खूण केली. मी भोंगा वाजवला आणि थांबलो.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. तीस गुणांनी पुढे असताना टाइम-आउट? तिचे सगळे शिल्लक होते म्हणा, जिंकणाऱ्याला लागतात कुठे? पण हे म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. आमच्या बाजूचा एक बाप ओरडलाच, "अगं बाई, जरा दया कर!" मीही फणफणलो होतो. ओर्लाने खुलासा केला नाही. मुलींना गोळा केलं, पण शिकवलं काहीच नाही. सगळ्या पाणी पीत दाराकडे बघत उभ्या.

मिनिट संपलं, खेळ सुरू झाला, मी पळालो. शिट्टी वाजली. ओर्लाने पुन्हा तीच खूण केली. आता लोक हुर्यो करू लागले. ती शांतपणे टेबलापाशी आली आणि वाकून शिरीषरावांना इंग्रजीत म्हणाली, "पोचली का युअर वन?" म्हणजे, तुमची ती.

शिरीषरावांना आत्ता उमगलं. "पार्किंगमध्ये आहे," ते कसेबसे म्हणाले.

"मग अजून एक आहे माझ्याकडे," ओर्ला म्हणाली.

तिसऱ्या टाइम-आउटमध्ये दार उघडलं. पूर्णिमाताई, अंगावर हॉस्पिटलचेच कपडे, गळ्यात ओळखपत्र, केस पावसाने चिकटलेले. पोर्टलीशच्या मुलींनी एकमेकींना कोपर मारलं. लोकांना हळूहळू कळलं, आणि हुर्यो करणारे गप्प झाले. मी तर थक्क होऊन बघत होतो. आयुष्यभर थांबलो, ते बटण दाबलं म्हणून. कुणासाठी थांबणं काय असतं, ते मला त्या दिवशी दिसलं. लोकांच्या शिव्या खाऊन एका परक्या बाईने, परक्या पोरीच्या आईसाठी मला थांबवलं होतं, तेही नियमाच्या एका अक्षराला धक्का न लावता. अंगावर काटा येतो तो कसा, हे पत्र्यालाही कळतं बरं.

जेमतेम दीड मिनिट उरलं होतं. शिवॉनने तन्वीला फुकट काही दिलं नाही, चिकटून अडवलं, आणि तेच बरं केलं. तन्वीने बॉल मिळताच टाकला. रिंगवर आपटून बाहेर. पूर्णिमाताईंना खेळातलं ओ की ठो कळत नाही, त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. सगळ्या हॉलमध्ये त्या एकट्याच. मग ओर्लाने वाजवल्या. मग सगळ्यांनीच. त्या गडबडीत तन्वीने शिवॉनच्या हातातला बॉल हिसकावला, एकटी धावत गेली आणि यावेळी घातलाच. मी दोन गुण चढवले आणि शेवटचा भोंगा वाजवला. फरक तरीही अठ्ठावीसचा होता.

तन्वी घामेजलेली तशीच आईजवळ गेली. "वी गॉट हॅमर्ड, आई."

"मी बघितलं," पूर्णिमाताई म्हणाल्या. पोरगी रडायला लागली, आणि शिरीषराव उगाचच माझी वायर गुंडाळत बसले.

मित्रांनो, यंदाच्या सुट्टीत इथे नवा फलक येणार आहे. मला ठेवा म्हणून मी हट्ट करणार नाही. उतरवण्याआधी एकदा फडक्याने पुसलंत तर बरं वाटेल. नव्यालाही पळायचा नियम असेलच, आणि तो चांगला नियम आहे. फक्त समोरचा तीस गुणांनी हरत असेल, तेव्हा गुणांवरची नजर काढून एकदा दाराकडे बघत जा. कुणाचं तरी कुणी यायचं राहिलेलं असतं.