न दुखलेल्या पायाची कुबडी

मित्रांनो, स्टेडियमच्या दालनात काचेला नाक लावून तुम्ही जी लाकडी कुबडी बघता, ती मी. माझ्या पायाशी पितळी पाटी आहे: ‘याच कुबडीवरून उठून आपला मार्सेलस खेळला आणि जिंकला.’ त्यातला ‘जिंकला’ हा शब्द खरा आहे.

माझा जन्म टेनेसीतल्या एका सुतारकारखान्यात झाला. तिथून मी अलाबामातल्या या कॉलेजात आले. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे एकाने चेंडू काखोटीला मारून पळायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या अंगावर पडायचं. त्यामुळे मला कामाची कधी ददात पडली नाही. गुडघे, घोटे, एकदा तर बँडमधल्या ढोलवाल्याचा अंगठा, सगळं मी सांभाळलं. उपचारखोलीच्या मिस लोरेटा मला दाराशी पिंपात ठेवत. ज्याला लागेल त्याने न्यावी, बरं वाटलं की आणून ठेवावी. सही नाही, चौकशी नाही. “लंगडणारा माणूस खोटं कशाला बोलेल?” असं त्या म्हणत.

मार्सेलस ट्रूइट हा आमचा सगळ्यांत वेगवान खेळाडू. त्याच्या खोलीत राहणाऱ्या कीगनला मोबाइलवर सट्टा लावायचा नाद. एका मोठ्या मॅचच्या आधी कीगन त्याला म्हणाला, “एक कुबडी घे आणि जेवणघरापर्यंत लंगडत जा. बस, एवढंच.”

“आणि मॅच?”

“मॅच जीव तोडून खेळ की लेका! हरायला कोण सांगतंय? तू जायबंदी दिसलास की सगळ्यांना वाटणार आपण हरतोय. मग आपल्यावर लावणाऱ्याला जास्त मिळतं. मी आपल्यावरच लावणार. यात पाप कुठलं, सांग बरं?”

मार्सेलसला पाप सापडेना. त्याने मला काखेत घेतलं. मित्रांनो, अंगावर भार आहे की नाही, एवढंच मला कळतं. त्या दिवशी दप्तराएवढाही भार नव्हता. पण वाटेत मुली हळहळल्या, पाद्रीबाबांनी उभ्या उभ्या प्रार्थना केली, आणि ताटात कोंबडी पडायच्या आत आमचा फोटो राज्यभर पोचला. मला फार लाज वाटली. फोटोत ती दिसत नाही.

शनिवारी मॅचमध्ये तो असा पळाला की बघत राहावं. आम्ही जिंकलो. गावाने त्याला शूर ठरवलं आणि मला काचेत बसवलं.

मग कुणाला तरी सट्ट्याचे आकडे खटकले आणि टाय घातलेले दोन गृहस्थ चौकशीला आले. माझ्या कपाटासमोरच त्यांनी मिस लोरेटांना विचारलं, “मॅचआधीच्या दुखापतींच्या यादीत तुम्ही तर हा खेळाडू ठणठणीत आहे असं कळवलं होतं. मग कुबडी कशाला?”

मिस लोरेटांनी शेजारी उभ्या असलेल्या मार्सेलसकडे पाहिलं. पाय ठीक होता म्हणावं, तर त्याचा खेळ संपणार. दुखत होता म्हणावं, तर बाईंची नोकरी जाणार.

“दुखत होता,” तो बुटांकडे बघत म्हणाला.

“अरे बाळा,” मिस लोरेटा म्हणाल्या, “मग माझ्याकडे यायचंस ना! माझंच लक्ष नव्हतं.”

दुखापत लपवली म्हणून त्यांना काढलं. आता कुबड्या कुलपात असतात. लंगडणाऱ्याने तिसऱ्या मजल्यावर चढून अर्ज द्यायचा, मग किल्ली मिळते. व्यवस्था सुधारली म्हणतात.

गेल्या आठवड्यात मार्सेलसची आई गावाहून आली. रुमालाने माझी काच पुसत म्हणाली, “एवढं दुखत होतं, आणि मला फोनवर म्हणालास, सगळं छान आहे!”

“आई, चल ना.”

“थांब रे. तुझ्यावर उपचार करणाऱ्या त्या बाई कुठे आहेत? त्यांच्यासाठी पीचचा केक आणलाय.”

“त्या नाहीत आता इथे. काढलं त्यांना.”

“का?”

त्याने माझ्या पायाशी असलेल्या पाटीकडे पाहिलं. मग म्हणाला, “माझा पाय दुखत नव्हता, आई. कधीच.”

आईने डब्याचं झाकण लावलं. “हे मला कशाला सांगतोस? मी काढलंय का त्यांना? काढणारे कुठे बसतात?”

“तिसऱ्या मजल्यावर. आई, माझा खेळ जाईल.”

“जाईल. पाय धड आहेत ना? चढ.”

राज्यातला सगळ्यांत वेगवान मुलगा कठड्याला धरून एकेक पायरी चढत गेला.

मित्रांनो, आमची काळजी घ्यायची म्हणजे आम्हाला पुसून काचेत ठेवायचं नसतं. आम्हाला दाराशी ठेवा, दुखऱ्या माणसाच्या हाताला लागू अशा. आणि पाय दुखत नसताना कुणी मागायला आला, तर तो साऱ्या गावाचा लाडका असला तरी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवा.