पुन्हामधला पु

प्रूफबाईंना त्या बटणाचा पत्ता लागला तो चहाच्या वेळी. "गॅसवाला येऊन गेला का गं?" त्यांनी सुनेला विचारलं. "हो आई, मघाशीच," सून म्हणाली आणि तिचा हात टेबलाच्या कडेखाली गेला. टिक. पलीकडे पडलेला मुलाचा मोबाइल उजळला. तो त्यांच्या बाजूने उलटा होता, पण छत्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेल्या बाईला उलटं काय नि सुलटं काय. त्यांनी वाचलं : 'पून्हा विचारलं. एकूण ६.'

आधी खटकला तो पू. पुन्हामधला पु ऱ्हस्व, हे शेंबडं पोरही सांगेल. त्या सहाचा अर्थ डोक्यात शिरायला मात्र अर्धा कप चहा संपावा लागला.

तशी या घरात बटणं नवी नव्हती. मुलाला आकड्यांचं खूळ. पाणी प्यायला की एक बटण, शिंक आली की दुसरं, झोपताना उशाजवळचं तिसरं. कोटाच्या गुंडीएवढी पांढरी चकती. ती दाबली की मोबाइल आपणहून तारीख, वेळ आणि एकदा शिकवून ठेवलेलं वाक्य तक्त्यात टाकणार. वर्षाच्या शेवटी हा पठ्ठ्या स्वतःच्या शिंकांचा आलेख काढायचा आणि बायकोला धरून बसवून दाखवायचा. तेव्हा प्रूफबाई पोट धरून हसायच्या. आता आपण शिंकांच्या रांगेत जाऊन बसलो, हे कळल्यावर त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

बाकीचं दाराआडून कळलं.

"डॉक्टर म्हणाले, अंदाजपंचे सांगू नका, मोजून आणा," मुलगा सांगत होता. "सोमवारपासून नव्याने मोजू. रविवारपर्यंत वीस झाले की त्या विसरभोळ्या म्हाताऱ्यांच्या संस्थेला फोन. जागा आहे त्यांच्याकडे."

"आणि त्यांची खोली?"

"माझं टेबल बसतं तिथे. मापं घेतलीयेत मी."

खोली म्हणजे काय, तर एक खिडकी, एक दिवा, तीन शब्दकोश आणि नवऱ्याने हौसेने करून घेतलेलं लिहायचं टेबल. पण त्यांचं म्हणावं असं जगात आता तेवढंच उरलं होतं. तिथून आपल्याला उचलून नेणार म्हणजे काय! मग त्यांनी कानाला खडा लावला : सात दिवस चकार शब्द काढायचा नाही. विचारलंच नाही, तर मोजतील काय, कपाळ?

सोमवारी सोपं गेलं. मंगळवारी सुनेने विचारलं, "आई, बरं वाटत नाही का?" तर नुसती मान हलवली. गुरुवारी रक्तदाबाची गोळी घेतली की नाही, ते आठवेना. विचारायला जीभ शिवशिवली, पण टेबलाखालची ती गुंडी डोळ्यांपुढे आली. त्यांनी आणखी एक गोळी घेतली आणि दुपारभर भिंत धरून चालल्या. संडासात जाताना दारावर कपाळ आपटलं, तरी तोंडातून आवाज काढला नाही. अशी ही जिद्दीची बाई. छापखान्यात मालकसुद्धा त्यांना टरकून असायचा.

रविवारी नाश्त्याला मुलाने मोबाइल उघडला.

"शून्य."

प्रूफबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पावाला जरा जास्तच लोणी लावलं.

"बघ, म्हणजे आई बऱ्या आहेत," सून म्हणाली. तिचाही चेहरा सैलावला होता.

"बऱ्या कसल्या? आठवडाभर तोंडातून शब्द नाही. बोलणं बंद होणं ही पुढची पायरी. डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर आहे." त्याने संस्थेचा नंबर शोधायला घेतला.

"मी मुद्दाम गप्प होते!" सात दिवस न वापरलेला आवाज चिरका निघाला. "बटण ठाऊक आहे मला. वीस ठाऊक आहेत. माझ्या खोलीची मापं घेतलीस, तेही ठाऊक आहे. डोकं शाबूत आहे माझं! आणि तुझ्या त्या 'पून्हा'मधला पु ऱ्हस्व असतो!"

सुनेने दोन्ही हात टेबलावर ठेवले. मुलगा मात्र हसला.

"माहितीये. चौदातली पहिली चूक."

"कसल्या चौदा?"

त्याने मोबाइल खाली ठेवला. "वसतिगृहातून मी तुला पत्र लिहिलं होतं. अकरा वर्षांचा होतो. 'आई, मी पून्हा हट्ट करणार नाही, मला घरी ने.' तू तेच पत्र परत पाठवलंस. लाल पेन्सिलीने खुणा करून. खाली लिहिलंस, चौदा चुका, नीट लिहून पाठव."

सून हलकेच म्हणाली, "आई?"

प्रूफबाईंनी डोकं खणून काढलं. वसतिगृहाचं निळं फाटक आठवलं. त्याची पत्र्याची ट्रंक आठवली, तिची न बसणारी कडीसुद्धा. लाल पेन्सिली तर डझनांनी आठवल्या. पत्र आठवेना. आठवतं म्हटलं असतं, माफी मागितली असती, तर कदाचित खोली वाचली असती. समोरचा टक्कल पडलेला माणूस पोराच्या डोळ्यांनी वाट बघत होता. पण न पाहिलेल्या मजकुरावर 'तपासलं' म्हणून सही त्यांनी जन्मात कधी केली नव्हती.

"खरं सांगते," त्या म्हणाल्या, "मला नाही आठवत."

मग त्याचा हात टेबलाखाली गेला, कडेच्या बटणाच्याही पलीकडे, आतल्या दुसऱ्या बटणाकडे. टिक.

मोबाइल उजळला. प्रूफबाईंनी उलटंच वाचलं : 'विसरली. एकूण १.' शुद्धलेखनात बोट ठेवायला जागा नव्हती.

"हे बटण कधी लावलंस?" सुनेने विचारलं. "याला किती लागतात?"

"एकच," तो म्हणाला आणि त्याने फोन कानाला लावला.