माझं कातडं फाटलं नव्हतं

मित्रांनो, वटार गावातल्या एका घरातल्या बंद कपाटातून बोलतोय मी. मातीचा जुना घुमट, गळ्यात अडकवून वाजवायचा. एक तोंड कातड्यानं मढवलेलं, दुसरं उघडं. मला वाजवणाऱ्या कॉन्रॅडच्या आजोबांनी मला आणलं. तेव्हापासून लग्नात नवरीच्या आंघोळीचं पाणी विहिरीवरून आणताना सगळ्यांच्या पुढे मीच. गावाची रीतच आहे: माझ्यावर पहिली थाप पडल्याशिवाय कुणी गाणं उचलायचं नाही. मला त्याचा केवढा तोरा होता!

मग गावातली गाणी रचणाऱ्या रोवेनाच्या वाडीलगतचं बावखल बुजवून इमारत बांधायचं घाटू लागलं. बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं. ते बुजलं की आसपासच्या विहिरी खाऱ्या होतात. रोवेनानं गाणं रचलं, कॉन्रॅडनं मला गळ्यात अडकवलं.

"मातीवाल्या, वाट बदल, बावखल आमचं जितं हाय!"

चर्चच्या आवारात, कचेरीसमोर, बांधावर आम्ही गात राहिलो. एकदा तर मातीचे डंपर खरोखर मागे फिरले. गाणाऱ्या बायकांनी कॉन्रॅडला डोक्यावर घेतलं आणि मलाही.

डंपर पुन्हा आले त्या सकाळी कॉन्रॅडनं मला उन्हात तापवलं. आवाज खणखणीत होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"बोला शेठ. तुमच्या नव्या इमारतीतला गाळा पोराच्या नावावर ना? मग मी घरातच आहे."

त्यानं मला कपाटात ठेवून कडी लावली. थोड्या वेळानं रोवेना धापा टाकत आली.

"कॉन्रॅड, अरे चल ना! सगल्या बांधावर खोळंबल्यात. घुमट कुठाय?"

"कातडं फाटलंय गं."

मित्रांनो, माझं कातडं! तिच्यापासून दोन हातांवर मी धडधाकट होतो. इतका संताप आला, पण कुणी वाजवल्याशिवाय मला आवाज कुठला? ती परत गेली. बांधावरून गाणं काही ऐकू आलं नाही. बायका माझीच वाट पाहत राहिल्या असणार. डंपर रिकामे होताना मात्र ऐकू येत होते.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर रोवेना पुन्हा आली. माझ्यासाठी नवं कातडं घेऊन.

"घे, मढवून घे. अजून अर्धं बावखल बाकी हाय."

"देव बरं करो," म्हणत कॉन्रॅडनं ते घेतलं आणि ती गेल्यावर कपाट उघडून माझ्याच अंगावर टाकलं.

मित्रांनो, वाद्यं जपा असं मी सांगणार नाही. मला फार जपलंय. पुन्हा डंपर आले, तर माझ्यासाठी थांबू नका. गायला लागा.